पोटातला पंप

बेंबीच्या जरा बाजूला, कातडीखाली तो बसलेला असतो. टायटॅनियमची तळहाताएवढी गोल चकती. आत 20 किंवा 40 मिलिलिटर औषध, एक मोटर आणि काही वर्षं पुरणारी बॅटरी. त्याची बारीक नळी कातडीखालूनच कमरेला वळसा घालून मणक्यात शिरते आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात वेदना शमवणारं मॉर्फिन झिरपवते. 1979 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या रुग्णांना मणक्यातून मॉर्फिन दिलं, त्या वाटेवरचा हा पुढचा टप्पा. तोंडाने 300 मिलिग्रॅम लागावं, तिथे याचं साधारण 1 मिलिग्रॅममध्ये भागतं. गोळ्यांच्या गुंगीत पडलेला माणूस पुन्हा नातवंडांशी बोलू लागतो. मला हा पंप मोलाचा वाटतो तो यासाठी.

पण त्याचा स्वभाव ओळखून असावं. औषध संपत आलं, बॅटरी उतरली, तर तो पोटातून बीप बीप करून सांगतो. नळी दुमडली, चिरली, मणक्यातून निसटली, तर मात्र त्याला पत्ताच नसतो. मोटर इमानाने चालत राहते आणि औषध अडतं किंवा भलतीकडे जातं. दुखणं उसळतं. घरचे धास्तावतात, कॅन्सर पसरला! कधी डॉक्टरांनाही तसंच वाटतं आणि डोस वाढत जातो. रुग्णाचे हे दिवस फुकट तळमळण्यात जातात, याची मला फार चीड येते.

पंपात पुन्हा औषध भरायचं, त्या भरणीच्या दिवशी नर्स बोटांनी पंपाची कड चाचपते, मधल्या रबरी बुचातून सुई घालते आणि आधी उरलेलं औषध काढून मोजते. हिशेबापेक्षा जास्त निघालं, तर पंप कमी सोडतो आहे. सुई बुच चुकून कातडीखाली गेली, तर कित्येक दिवसांचा साठा एकदम अंगात भिनतो आणि श्वास मंदावतो. म्हणून भरणीनंतर घाईने घरी निघू नये.

जंतुसंसर्ग झाला तर जखम लाल होते, ताप येतो. संसर्ग मणक्यापर्यंत पोचला तर मान आखडते. दीर्घकाळ जास्त तीव्रतेचं मॉर्फिन चालू असेल, तर नळीच्या टोकाशी क्वचित गाठ धरते. मग पाय लुळे पडू लागतात, लघवी अडते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पंपाचं कार्ड सोबत ठेवा, एमआरआयआधी दाखवा, भरणीची तारीख चुकवू नका. आणि दुखणं अचानक परतलं, तर डोस वाढवू देण्याआधी डॉक्टरांना विचारा, नळी तपासली का?