सिमचा ट्रे नसलेला फोन

भाचा कुवेतला असतो. कडेगावचं माणूस कुठेही असलं तरी मोहरमला, ताबुतांच्या भेटीच्या दिवशी, गावात पोहोचायची धडपड करतं. पण गेल्या वर्षी ६ जुलैला आशुरा आला तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. तो आला ऑक्टोबरात, आणि येताना आमच्यासाठी नवा कोरा आयफोन १७ घेऊन आला. त्याच्या कॉलेजच्या काळात आमच्याकडून जे थोडंफार झालं, त्याची ही परतफेड असावी. आम्ही नको नको म्हटलं, पण हात पुढे केलाच. (आम्ही म्हणजे एकटे आम्हीच. उर्दू शिकवता शिकवता 'हम'ची सवय मराठीतही लागली आहे, वाचकांनी चालवून घ्यावं.)

आमच्या घरात फोनची उतरण ठरलेली आहे. नवा आला की आमचा जुना थोरलीला, तिचा धाकट्याला, आणि धाकट्याच्या हातून वाचलाच तर अम्मींना. त्या दिवशी सगळ्यांची सिमं निघतात आणि नव्या घरात जातात. त्यासाठी लागणारी पिन अम्मींच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात असते. त्या रात्री इशानंतर डबा निघाला, पिन निघाली, आणि आम्ही त्या फोनच्या चारही कडा चाचपून पाहिल्या. भोकच सापडेना.

"मामू, याला सिमचा ट्रेच नसतो. तिकडच्या मॉडेलला ई-सिमच चालतं."

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या आयफोन १७ ला ट्रे आहे. कुवेत, सौदी, दुबई, कतार, ओमान, बहारीन इथे विकल्या जाणाऱ्या फोनला तो नाही. अमेरिकेत तर २०२२ सालच्या आयफोन १४ पासूनच काढून टाकला. ज्यांच्या घरचं कुणी आखातात आहे त्यांनी हे आधी ऐकून ठेवावं, कारण तिथून भेट म्हणून येणारे फोन आता असेच असणार.

ई-सिम म्हणजे काय ते भाच्याने समजावलं. प्लास्टिकच्या सिममध्ये जी चिप असते, तशीच एक फोनमध्येच कायमची बसवलेली असते. आपल्या नंबरची ओळख कंपनी नेटवरून त्या चिपवर लिहून पाठवते. प्रत्येक चिपला बत्तीस आकडी ईआयडी असतो. *#०६# दाबलं की तो आयएमईआयसोबत दिसतो. एका चिपवर लिहिलेली ओळख हाताने काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही. दुसऱ्या फोनवर न्यायची तर कंपनीने ती नव्याने लिहून द्यायची. एकदा वापरलेला क्यूआर कोड पुन्हा चालत नाही. समजलं, आणि तरीही कितीसं समजलं होतं ते पुढे कळलं.

कंपनीला संदेश धाडला, ईमेल दिला, फोन आला, एक दाबा म्हणाले, एक दाबला. क्यूआर कोड जुन्या फोनवरच्या ईमेलमध्ये आला, तो नव्या फोनने वाचला. नव्या फोनला नेट मिळत होतं जुन्याच्या हॉटस्पॉटवरून. अर्धं काम झालं आणि जुन्या सिमचं नेटवर्क गेलं, म्हणजे हॉटस्पॉटही गेला. ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली होती. थोरलीच्या फोनवरून नेट घेऊन काम पुरं केलं. रात्री साडेअकराला नव्या फोनवर कांड्या दिसल्या. एक पैसा खर्च झाला नव्हता. कंपनीच्या ॲपवर या कामाला काही शुल्क दाखवलेलंच नव्हतं. आम्ही खुशीत झोपलो.

फजरनंतर टीईटीचा अर्ज पुरा करायला बसलो. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल शिक्षकांच्या घरांत माहीत आहेच: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला, पण आमची शाळा त्यात बसत नाही. वीस वर्षं मुलांना शिकवल्यावर पुन्हा परीक्षार्थी. परीक्षा २३ नोव्हेंबरला होती आणि अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. अर्ज निम्मा भरून ठेवलेला, पासवर्ड मात्र आठवेना. हरकत नाही, ओटीपी मागवू. मागवला. आला नाही. पुन्हा मागवला. चहा दोनदा गरम झाला, ओटीपी नाही.

मग यूपीआय उघडलं. नव्या फोनवर ते सुरू करताना ॲप आपल्या नंबरवरून एक संदेश बाहेर पाठवतं. तोही जाईना. फोन लागत होते, नेट चालत होतं, फक्त संदेश मुके झाले होते.

कंपनीच्या मदत केंद्रातला मुलगा सौम्यपणे म्हणाला, "सर, सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद राहतात. सरकारी नियम आहे."

नियम खरा आहे. दूरसंचार विभागाने २०२२ साली तो सर्व कंपन्यांना घालून दिला. नव्या सिमवर येणारे आणि जाणारे दोन्ही संदेश चोवीस तास बंद. प्लास्टिकचं सिम असो वा ई-सिम. राग आला, पण कारण ऐकल्यावर ओसरला. कुणी आपल्या नावाने दुसरं सिम काढलं तर बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि सकाळपर्यंत खातं रिकामं होतं. हे चोवीस तास म्हणजे खऱ्या मालकाला जागं व्हायला दिलेला वेळ. आता तर चोर ई-सिमच वापरतात. 'तुमचं सिम अपग्रेड करतो, आलेल्या लिंकवर हो म्हणा' असा फोन येतो, आपण हो म्हणतो, आणि आपल्या फोनचं नेटवर्क जातं. अचानक नेटवर्क गेलं आणि तासाभरात आलं नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला कळवावं. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच तक्रार द्यावी. अम्मींना आम्ही हे तीनदा सांगितलं आहे.

तेव्हा नियमाशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते 'एक दाबा' म्हणणाऱ्या त्या आवाजाशी. एक दाबण्याआधी 'उद्या रात्रीपर्यंत तुम्हाला ओटीपी येणार नाही' एवढं एक वाक्य त्याने ठळक सांगितलं असतं तर आम्ही दोन दिवस थांबलो असतो. कदाचित कुठे बारीक अक्षरात लिहिलंही असेल. वर्गात आम्ही असं शिकवलं तर पालक घरी येतील.

दुसऱ्या दिवशी रात्री संदेश सुरू झाले. एकदम चौदा ओटीपी कोसळले, सगळे शिळे. पंधरावा ताजा होता. त्यावर अर्ज गेला. तोवर त्या कंपनीवरचा राग शिल्लक होताच, म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची ठरवली आणि १९०० वर संदेश धाडला. उत्तर आलं, आत्ता नाही. सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. हा ट्रायचा नियम, १ जुलै २०२४ पासूनचा. आठ दिवसांनी रागही राहिला नाही.

हे सगळं विसरलो असतो. पण डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी कडेपूरच्या अलीकडे मोटारसायकलवरून उतरताना तो फोन खिशातून निसटून खडीवर पडला. काच फुटली आणि आत काळोख. दुरुस्ती सांगलीला, तीन दिवस लागतील म्हणाले.

पूर्वी असं झालं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पिन घेतली असती, सिम काढून धाकट्याच्या फोनमध्ये घातलं असतं. आता सिम त्या मेलेल्या फोनच्या पोटात. धाकट्याकडचा आमचा जुना फोन ई-सिम घेतच नाही. दुसऱ्या फोनवर नंबर घ्यायला कंपनीचं ॲप उघडलं तर ते विचारतं: ओटीपी टाका. कुठे येणार तो? त्याच नंबरवर. संदेश धाडून मागणी करायची म्हटलं तर तीही त्याच नंबरवरून. राहिला एकच रस्ता, आधार घेऊन दुकानात स्वतः जायचं. कंपनीचं दुकान विट्याला आणि दुसऱ्या दिवशी रविवार.

त्या रविवारी रात्री कऱ्हाडला आपांच्या छातीत दुखायला लागलं. घरात त्या एकट्या, मुलगा कुवेतला. त्यांनी आम्हाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. आपांच्या फोनमध्ये आमचा तेवढा एकच नंबर होता, कारण आजवर तो कधी बंद लागलाच नव्हता. शेवटी त्यांनी कुवेतला मुलाला फोन केला. त्याने तिथून थोरलीला व्हॉट्सॲपवर फोन केला, थोरलीने आम्हाला हलवून उठवलं. कडेगावच्या अंथरुणात झोपलेल्या मामूला कऱ्हाडची बातमी कुवेतमार्गे आली. शेजारच्यांची गाडी काढून पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. अल्हम्दुलिल्लाह, दुखणं पित्ताचं निघालं. दवाखान्याच्या बाकावर आपा एवढंच म्हणाल्या, "तू फोन बंद करून झोपतोस होय रे आता?" त्यांना ई-सिम काय ते कसं सांगायचं? "नाही आपा," म्हटलं आणि गप्प बसलो.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून विट्याला गेलो. आधार, चेहऱ्याचा फोटो, अंगठा. आम्ही प्लास्टिकचं सिम मागितलं. काउंटरवरच्या मुलाला नवल वाटलं, "सर, लोक इकडून तिकडे जातात, तुम्ही उलटे आलात." सिमचे पन्नास घेतले आणि 'ऑनलाइन प्रोसेस'चे शंभर. पावती पन्नासचीच दिली. शंभरची मागितली तर म्हणाला, ते पावतीत येत नाही. दीडशे रुपये, पेट्रोल, अर्धी रजा, आणि पुन्हा चोवीस तास मुके संदेश. ई-सिम फुकट आहे असं म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडावा.

ई-सिम वाईट आहे असं नाही. भाच्याच्या फोनवर कुवेतचा आणि इथला असे दोन्ही नंबर एकाच वेळी सुखाने नांदतात. फोन चोरीला गेला तर चोराला सिम काढून फेकता येत नाही. वर्षानुवर्षं एकच फोन वापरणाऱ्याला ते सोयीचंच आहे. आमच्यासारख्या घरात, जिथे एक फोन चार हातांतून जातो, तिथे प्रत्येक उतरणीला कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. कुणाला करायचंच असेल तर फी, परीक्षा, दवाखाना असं काही दोन-तीन दिवसांत नाही ना ते पाहून करावं, नेट दुसऱ्याच्या फोनवरून घ्यावं, आणि फोन दुरुस्तीला टाकण्याआधी, तो चालू असेपर्यंत, नंबर दुसरीकडे हलवावा.

आयफोन दुरुस्त होऊन आला आहे. त्यात सिम नाही. घरात तो धाकट्याच्या हॉटस्पॉटवर चालतो आणि लग्नकार्यात फोटो काढतो. आमचा नंबर जुन्या फोनमध्ये आहे, त्या बदल्यात धाकटा महिनाभर रुसला होता. आपांच्या फोनमध्ये आता पहिला नंबर अम्मींचा आहे. अम्मींकडे बटणांचा फोन, आत प्लास्टिकचं सिम, उशाशी चार्जर.

परवा भाच्याचा फोन आला. रमजान ईदला येतोय, अम्मींसाठी फोन आणू का, म्हणाला. अम्मींनी आमच्या हातातून फोन घेतला.

"आण बाबा. पण आधी पिन घालून बघ, भोक आहे का ते."