बरणीपासून रांजणापर्यंत

आमच्या पुण्याच्या वाड्यांत स्वयंपाकघराच्या फडताळावर लोणच्याची एक चिनी मातीची बरणी असे. तिच्यांत लोणचें पाहिल्याचें मात्र आम्हांस स्मरत नाहीं. आमचे वडील बंधु मंडईंतून परतले, कीं सदऱ्याच्या खिशांतील सुटे पैसे त्या बरणींत टाकीत. त्या आवाजावरून दादा घरीं आले हें साऱ्या वाड्यास कळे. पुढें भाजीवालीपाशींही भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाली, तरी दादांनीं आपला क्रम सोडला नाहीं. थट्टेनें ते त्या बरणीस 'आमचा नाणेघाटचा रांजण' म्हणत, आणि तो खरा रांजण एकदां सर्वांनीं मिळून पाहूं, असें दरवर्षीं म्हणत. गतवर्षीं ते निवर्तले. वहिनींनीं बरणीच्या तोंडास फडकें बांधलें, आणि सहा महिने तिला कोणीं हात लावला नाहीं.

त्यांतच वाडा पाडून तेथें इमारत बांधण्याचें ठरलें. तिन्ही बिऱ्हाडें आतां तीन मजल्यांवर जाणार. भांडीं, पाट, समया यांची वांटणी निर्वेधपणें झाली. बरणीपाशीं मात्र सगळे अडले. धाकटे बंधु म्हणाले, "देवळांत देऊन टाकूं." पुतण्याच्या मतें सर्व रक्कम पेढींत भरावी. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. शेवटीं आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें विचारलें, "मोठ्या आजी, यांत सगळ्यांत जुनें नाणें कोणतें असेल हो?" वहिनी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनीं स्वतः उठून फडकें सोडलें.

पुढील तीन आठवडे रोज सायंकाळीं ओटीवर सतरंजी पडे. नाण्यावर पातळ कागद ठेवून वर शिसपेन हलक्या हातानें घासली म्हणजे ठसा हुबेहूब उमटतो. ही युक्ति आम्ही शाळेंत मुलांस दाखवीत असूं. ते ठसे कातरून मुलांनीं एका जाड वहींत चिकटविले. सालाच्या खालीं बारीक हिरा असेल तर नाणें मुंबईच्या टांकसाळीचें, तारा असेल तर हैदराबादचें, ठिपका असेल तर नोएडाचें, आणि कांहींच खूण नसेल तर कलकत्त्याचें, हें समजल्यावर तर भिंगासाठीं भांडणें होऊं लागलीं. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर भाग झाले, त्या सालचा तांब्याच्या रंगाचा नया पैसा सांपडला. पुढें १९६४ सालीं त्यांतील 'नया' हा शब्द गेला. कंगोऱ्यांचे दहा पैसे निघाले, आणि फुंकर मारली तर उडेल कीं काय असें वाटावें इतकें हलकें, षट्कोनी वीस पैशांचें नाणें निघालें. चार आण्यांचें नाणें ३० जून २०११ पासून व्यवहारांतून गेलें. दादांनीं तींही जपून ठेविलीं होतीं.

प्रत्येक ठशाखालीं एकेक ओळ लिहावयाची असें ठरलें होतें. सहा महिने जवळजवळ मौनांत असलेल्या वहिनी येथें बोलूं लागल्या. कमळाची आकृति असलेलें वीस पैशांचें पिवळें नाणें हातीं येतांच त्या म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा सारसबागेंत गेलों, तेव्हां भेळ घेऊन हें उरलें होतें." तें नाणें तेंच कीं दुसरें, हें आम्हीं विचारलें नाहीं. नातीनें तसेंच लिहून घेतलें.

चालू नाणीं सहा हजार दोनशें चाळीस रुपयांचीं भरलीं. २०११ च्या नाणेंविषयक कायद्यानें एका वेळीं हजार रुपयांहून अधिक रक्कम नाण्यांच्या रूपानें स्वीकारण्याचें बंधन कोणावर नाहीं, आणि आठ आण्यांच्या नाण्यांस तर दहाच रुपयांची मर्यादा आहे. म्हणून तीं पेढीवर नेऊन ओतण्याऐवजीं आम्हीं वाणी, दूधवाला, इस्त्रीवाला यांच्याकडे थोडथोडीं वांटलीं. वाणी तर सुट्यांऐवजीं गिऱ्हाइकांस गोळ्या देऊन कंटाळलेला; त्यानें दोन्ही हातांनीं घेतलीं. या पैशांचें काय करावें, याची चर्चा झालीच नाहीं.

मार्गशीर्षांत एके पहाटे आम्ही नऊ जण एस.टी.नें निघालों. कांहीं नाणीं भाड्यासाठीं मुद्दाम राखून ठेविलीं होतीं. वाहकानें तीं मोजतांना जी प्रसन्न मुद्रा केली, ती अलीकडे प्रवासांत दुर्मिळ झाली आहे. नारायणगांववरून जुन्नर, आणि तेथून जीपनें घाटघर. डाव्या हातास जीवधन ठेवून पुढें गेलें, कीं पठार एकाएकीं संपतें. समोर वारा आणि खालीं कोंकण! नानाच्या अंगठ्याच्या कड्यावरून वैशाखऱ्याकडील रानें दिसतात. सातवाहनांच्या काळीं जुन्नरचा माल याच खिंडींतून कल्याण व सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत असे.

खिंडीच्या तोंडाशींच तो रांजण आहे. अखंड दगडाचा, पोटाळ, आणि लहान मुलास उचलून धरल्यावांचून आंतील दिसूं नये इतका उंच. व्यापाऱ्यांनीं जकातीचीं नाणीं यांत टाकावीं, असा हा प्रकार असल्याचें सांगतात. नातीला उचलली, तर ती म्हणाली, "आजोबा, यांत पैसे नाहींत, खाऊच्या पुड्या आहेत." वाळका पाला आणि चकचकीत कागद यांनीं तळ भरला होता. मुलांनीं आंत नाणें टाकण्यासाठीं हात वर केले, तोंच वहिनी म्हणाल्या, "आधीं तें सारें बाहेर काढा." मग पुतण्यानें आंत वांकून सर्व कचरा उपसला, आणि तो पिशवींत भरून आम्हीं बरोबर घेतला. नाणें टाकावयाचें मग सर्वच विसरले.

थोडें खालीं उतरल्यावर तें सुप्रसिद्ध लेणें लागतें. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णि, नागनिका इत्यादिकांचीं नांवें आहेत. पुतळे नष्ट झाले, कोठें पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर राणीचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख आहे. संस्कृतांतील 'कार्षापण' तेथें 'कहापण' होऊन येतो. कोणत्या यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती हजार कहापण दक्षिणा दिली, याचा तो हिशेबच. त्यांतील आंकडे भारतांतील अतिप्राचीन आंकड्यांपैकीं असून शंभरास व हजारास स्वतंत्र चिन्हें आहेत. शून्य मात्र नाहीं. नातीनें ठसा घेण्यास कागद पुढें केला, पण दोन हजार वर्षांच्या अक्षरांवर शिसपेन घासूं देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "म्हणजे या राणीनेंही वहीच लिहिली कीं!" व्याकरणाचे धडे देत आमचें आयुष्य गेलें, पण त्या लेखाचें असें सुबोध भाष्य आम्हांस सुचलें नसतें.

परततांना तिकिटांचे तीन रुपये वाहकानें परत दिले. वहिनींनीं ते पदराच्या टोकास बांधले. बरणी त्यांच्याच बिऱ्हाडीं जावी, हें केव्हां ठरलें तें कळलें नाहीं. निदान कोणीं हरकत घेतली नाहीं.

घरीं पोंचलों तेव्हां रात्रीचे दहा वाजून गेले होते. वहिनी तशाच स्वयंपाकघरांत गेल्या, पदराची गांठ सोडली आणि तीं नाणीं बरणींत टाकलीं. रिकाम्या बरणींत आवाज मोठा झाला. गुडघेदुखीमुळें मागें राहिलेल्या धाकट्या बंधूंनीं माजघरांतून हांक दिली, "कोण आलें?"