बाबांची 800 आणि माझा रिमोट

दिवाळीला बीदरला गेलो की गाडी धुण्याचं काम माझ्याकडे असतं. गेल्या वर्षी धुताना ड्रायव्हरच्या दारापाशी हात थांबला. किल्ली घालायच्या भोकाभोवती रंग उडून बारीक ओरखड्यांचं एक खळं झालं होतं. आधी वाटलं, कुणी दार उघडायचा प्रयत्न केला असेल. बाबांना विचारलं तर म्हणाले, "जुनी गाडी आहे रे. होतंच तसं."

खरं काय ते आईनं स्वयंपाकघरात सांगितलं. "यांचे हात थरथरतात. किल्ली भोकात जातच नाही पटकन. उन्हात उभं राहून दोन-दोन मिनिटं खटपट चालते. कुणी बघितलं तर चष्मा पुसायला लागतात."

हाताचं मला माहीत होतं. हैदराबादला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा पार्किन्सन नाही म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला होता. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर असताना शांत असतो. कप उचलायचा असला, सही करायची असली की थरथरायला लागतो. म्हणजे नेमकं बारीक काम आलं की दगा. कधी जास्त, कधी कमी. दमले, रागावले, कुणी बघत असलं की जास्त. पण तो किल्लीपर्यंत आलाय हे मला ओरखड्यांनी सांगितलं, बाबांनी नाही.

गाडी मारुती 800, 2007 ची. आमच्या घरातली पहिली. मराठी शाळेतले मास्तर, त्यांनी पगारातून हप्ते फेडून घेतलेली. मला गुलबर्ग्याच्या होस्टेलवर सोडायला हीच गाडी हुमनाबादमार्गे यायची, मागच्या सीटवर आईनं दिलेला शेंगाचटणीचा डबा आणि गादी. (2014 पासून कलबुर्गी म्हणायचं, पण आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे.) आणि सोयरीक तर बरीचशी उदगीर-निलंग्याकडे. 1956 पर्यंत तो सगळा भाग बीदर जिल्ह्यातच होता. नंतर मधून राज्याची रेघ गेली, पण लग्नं, बारशी, दहावे काही थांबले नाहीत. त्या प्रत्येकाला बाबा ही गाडी घेऊन गेले. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी नवीन करायची वेळ आली, तेव्हा फी नुकतीच 600 वरून 5,000 झाली होती. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या माणसानं ते पैसे एक शब्द न बोलता भरले.

तर मी ठरवलं, गाडीला रिमोट बसवायचा. बटण दाबायला कसला आलाय थरथरता हात?

बसस्टँडमागच्या मिस्त्रीला विचारलं तर तो हसला. "कायकू साब? ये गाडी कौन ले जाता?" त्याच्याकडचं किट बाराशेला होतं. मी दोन दिवस थांबून एकवीसशेचं दुसरं मागवलं. फरक कशाचा, ते थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी गाडी असेल.

स्वस्त रिमोट दर वेळी एकच ठरलेला आकडा हवेत सोडतो, साधारण 433 मेगाहर्ट्झवर. आकडा जुळला की दार उघडतं. त्यातल्या एका नेहमीच्या चिपमध्ये असे 10,48,576 आकडे शक्य असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण चोराला ते ओळखत बसायची गरजच नसते. तुम्ही बटण दाबताना त्यानं तो आकडा एकदा टिपून ठेवला की झालं, तोच परत वाजवायचा. यावर उपाय म्हणजे रोलिंग कोड. रिमोट आणि गाडी दोघांकडे एकच गुप्त किल्ली आणि एक मोजणी असते. दर वेळी मोजणी एकानं पुढे सरकते आणि तिच्यावरून नवा आकडा तयार होतो. वापरून झालेला आकडा गाडी पुन्हा घेत नाही. किलॉक नावाची अशी एक पद्धत 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि मग जगभरच्या गाड्यांत गेली. तीही पुढे फोडली गेलीच. 2015 मध्ये सॅमी कमकार या अमेरिकन तरुणानं तर एक छोटं यंत्र करून दाखवलं. ते तुमचा आकडा गाडीपर्यंत पोचूच देत नाही आणि स्वतः राखून ठेवतं. पण बीदरच्या गल्लीत 800 साठी एवढा खटाटोप कोण करणार? मिस्त्रीचं म्हणणं तसं बरोबरच होतं. मीच हौसेनं जास्त पैसे घातले.

आमच्या लेकीनं रोलिंग कोडची परीक्षा पहिल्याच दिवशी घेतली. रिमोट घेऊन ती घरभर बटण दाबत फिरली. संध्याकाळी गाडी एका दाबण्यात उघडेना. मोजणी इकडे फार पुढे गेली होती आणि तिकडे मागेच राहिली होती. अशा वेळी लागोपाठ दोनदा दाबायचं. दोन आकडे ओळीनं जुळले की गाडी आपली मोजणी सुधारून घेते.

बसवण्याचं काम मी आणि मिस्त्रीनं मिळून केलं, दीड दिवस लागला. चारही दारांचे आतले पुठ्ठे काढायचे. काच वर-खाली करायच्या हँडलमागे एक तारेची क्लिप असते, ती स्क्रूड्रायव्हरनं काढू नका. फडक्याची पट्टी मागून घालून दोन्हीकडे ओढली की टक्कन निघते. ही युक्ती मिस्त्रीची, आणि एकवीसशे रुपयांच्या किटपेक्षा मला तिचंच जास्त कौतुक वाटलं. पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागद फाडायचा नाही, नाहीतर पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो. मग प्रत्येक दारात एक छोटी मोटार, तिची सळई आतल्या लॉकच्या सळईला जोडायची. तीन दारांच्या मोटारींना दोनच वायरी. ड्रायव्हरच्या दाराच्या मोटारीला पाच: दोन मोटार फिरवायला, तीन हे सांगायला की दार आता लावलंय की उघडलंय. त्यामुळे ते एक दार किल्लीनं उघडलं तरी बाकीची तिन्ही उघडतात. डब्बी डॅशबोर्डखाली, फ्यूज घालून. इंडिकेटरला वायर दिली, म्हणजे उघडताना दिवे मिचकावतात.

बाबांनी पहिल्यांदा बटण दाबलं, चार दारांतून एकदम खट् आवाज आला आणि दिवे मिचकले. ते काही बोलले नाहीत. परत दाबलं. परत. शेजारच्या काकांना बोलावून दाखवलं. मी हैदराबादला परतलो तो एकदम खूश.

एक वायर मात्र मी सोडून दिली होती. दार उघडलं हे डब्बीला कळावं म्हणून एक वायर छतावरच्या दिव्याच्या स्विचला जोडायची असते. आमचा तो दिवा बरीच वर्षं लागत नव्हता, स्विच गंजलेला. म्हटलं, दिव्याचं काय एवढं. पण डब्बीत एक सोय होती: रिमोटनं उघडल्यावर तीस सेकंदांत कुठलंच दार उघडलं नाही, तर चुकून बटण दाबलं गेलं असं समजून ती गाडी परत लॉक करते. आमच्या डब्बीच्या लेखी तर दार कधी उघडतच नव्हतं. बाबा आत बसले की थोड्या वेळानं लॉक व्हायचं, आणि ते फोनवर सांगायचे, "छान सोय आहे, आपोआप बंद होतं." मलाही तेव्हा काही खटकलं नाही. रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या असल्याच चुका शोधणारा मी.

दत्तजयंतीला आई-बाबा माणिकनगरला गेले. हुमनाबादला लागूनच माणिकप्रभूंचं स्थान आहे, त्या दिवशी केवढी गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. दर्शन झालं, बाबांनी रिमोटनं गाडी उघडली, प्रसादाची पिशवी आणि किल्ली सीटवर ठेवली, दार लोटलं आणि आईला हात द्यायला मागे वळले. खट्. रिमोट आत, किल्ली आत, आईच्या बीपीच्या गोळ्या आत. दुसरी किल्ली बीदरला देवघराच्या खुंटीला. मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि उचलला नाही.

पंधरा मिनिटांनी मी उलट फोन केला, तोवर नारळाच्या दुकानातल्या एका पोरानं स्टीलची फूटपट्टी काचेच्या रबरातून आत सरकवून दार उघडलं होतं. दोन मिनिटंही लागली नाहीत म्हणे. माझा रोलिंग कोड आणि त्याची फूटपट्टी! पोरानं पैसे घेतले नाहीत, प्रसादाचा लाडू घेतला.

शनिवारी मी बीदरला गेलो. स्विच बदलला, वायर जोडली, दिवाही लागला. बाबा ओट्यावर बसून बघत होते. मी म्हटलं, "झालं, आता नाही व्हायचं तसं." ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण एक सांगू का, तुला राग नाही ना येणार?"

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. गेली दोन वर्षं ते दारातली किल्ली मोजत होते. पहिल्या-दुसऱ्या वेळी भोकात गेली तर हात आज बरा आहे, निघायचं. तिसऱ्या वेळीही नाही गेली तर घरात परत यायचं, आईला सांगायचं की आज ऊन फार आहे, किंवा पेट्रोल कमी आहे. उदगीरच्या एका साखरपुड्याला ते गेले नव्हते, त्यावरून आमच्या आत्या वर्षभर रुसल्या होत्या. त्या दिवशी किल्ली सहाव्या वेळी लागली होती.

"आता बटण दाबलं की दार उघडतं," ते म्हणाले. "आत बसलो की उतरवत नाही रे. आत बसलेला माणूस कोपर टेकवून, दोन्ही हातांनी धरून किल्ली लावतोच. परवा माणिकनगरला मी जायला नको होतं. वाटेत एक ट्रक आला समोरून…" पुढे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. लाज होती, रागही होता. दोन वर्षं एकट्यानं हे ठरवत बसलात, मला फोन का नाही केलात? पण फोन केला असता तर मी काय म्हटलं असतं तेही मला माहीत होतं. गाडी विका, ओला-उबर करा. बीदरहून निलंग्याला बारशाला उबर!

गाडी चालवणं बंद करा, असं त्या दिवशी मी म्हटलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. डॉक्टरांनाही पुन्हा विचारलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं असताना थरथर तेवढी आड येत नाही, पण दिवस बघून ठरवा, दूरचं नको, रात्रीचं नको, असं ते म्हणाले. दिवस बघायची पद्धत बाबांकडे होतीच. मी ती काढून घेतली होती.

ती परत कशी द्यायची, हे त्यांनीच सुचवलं. ड्रायव्हरच्या दारातल्या पाच वायरींपैकी मोटारीच्या दोन, हिरवी आणि निळी, मी सोडवून टेप गुंडाळून ठेवल्या. आता रिमोटनं तीन दारं उघडतात, ड्रायव्हरचं उघडत नाही. ते किल्लीनंच उघडायचं आणि किल्लीनंच लावायचं. किल्ली फिरवली की बाकीची तीन मात्र अजूनही तिच्यामागे येतात. शेजारच्या दारातून हात घालून खुंटी वर करता येतेच, पण बाबा तसं करत नाहीत. रिमोट आईच्या कनवटीला असतो. मिस्त्रीला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. एवढं करून एक दार बंद ठेवणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

फेब्रुवारीत आम्ही सगळे गाणगापूरला निघालो. सकाळचे सहा, थंडी होती. आईनं लांबूनच बटण दाबलं, तीन दारं उघडली, लेक मागे जाऊन बसली. बाबा त्यांच्या दारापाशी उभे राहिले. मी मुद्दाम डिकीतलं सामान लावत बसलो. एकदा घासल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा. मग त्यांनी हाक मारली, माझ्या हातात किल्ली ठेवली आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"हुमनाबादला चहा घेऊ," ते म्हणाले.