जाम स्प्रॉकेट

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात येझदीचे उत्पादन १९९६ साली थांबले. तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या घरी उरलेल्या गाडीचा प्रत्येक सुटा भाग जपावासा वाटतो. मात्र सगळेच जपता येत नाही.

वडिलांच्या येझदीची चेन बदलायला घेतली, तेव्हा त्यांनीच बसवलेले पुढचे स्प्रॉकेट शाफ्टवर गंजून बसलेले आढळले. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे अरुंद फटीत तो पाचरीसारखा आवळत जातो. मिस्त्रींनी वॉशरचा दुमडलेला कान सरळ करून नट काढला. हातोडा मात्र त्यांनी बाजूला ठेवायला लावला, कारण घावाचा हादरा बेअरिंगपर्यंत पोचतो. रात्रभर तेल मुरू दिले. सकाळी ते पुसून मोजकीच आच दिली. मागच्या रबरी सीलला जास्त उष्णता सोसत नाही. पुलरचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळला. स्प्रॉकेट हलले नाही.

उरला तो ग्राइंडर. स्प्रॉकेट नवे मिळते, तसा शाफ्ट मिळणे दुरापास्त. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही मूळ संहिता आणि तिच्यावर चढलेली पुटे वेगळी करायला सांगतो. येथे वडिलांच्या हातची खूण हेच पूट ठरले होते. होकार द्यायला आम्हांला वेळ लागला.

मिस्त्रींनी शाफ्टच्या अलीकडे केसभर अंतर राखून चीर पाडली आणि छिन्नीच्या हलक्या ठोक्याने स्प्रॉकेट उकलले. शाफ्टच्या खाचा शाबूत होत्या. नवे स्प्रॉकेट चढवण्यापूर्वी त्यांनी तेथे ग्रीस लावले. पुढे कधी ते काढावे लागेल त्याच्यासाठी.