आच्छादनाखालची दुपार

जानेवारीत सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या शिवारांतून जाताना पांढऱ्या कापडाचे लांबच लांब बोगदे दिसतात. आत कलिंगडाची, खरबुजाची नाहीतर मिरचीची कोवळी रोपं असतात. हे क्रॉप कव्हर म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं, न विणलेलं, बहुधा १७ जीएसएमचं कापड. रात्रीचा गारठा, पांढरी माशी, फुलकिडे, नागअळी यांच्यापासून ते रोपांना जपतं. सुरुवातीच्या फवारण्या वाचतात, म्हणून मीही त्याचा आग्रह धरत आलो आहे. पण आपण त्याचा हिशेब रात्रीवरून मांडतो, आणि रोप भाजतं भर दुपारी.

ही उष्णता साठते कशी, हे समजलं की उपायही सापडतो. १९०९ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी दोन खोकी उन्हात ठेवली. एकावर काच होती, दुसऱ्यावर सैंधव मिठाचा पारदर्शक तुकडा. तापलेल्या वस्तूतून परत निघणारी उष्णतेची किरणं काच अडवते, सैंधव अडवत नाही. दोन्हींवर पडणारं ऊन आधी काचेतूनच गाळून घेतलं, तेव्हा दोन्ही खोकी जवळपास सारखीच, ५५ अंशांच्या आसपास तापली. म्हणजे खरी कारणीभूत कोंडलेली हवा. तिला वाट मिळाली तर आतला ताप उतरतो.

प्लास्टिकपेक्षा हे कापड बरं, कारण त्यातून थोडी हवा खेळते. तरी दोन्ही कडा मातीत गाडलेल्या, वारा पडलेला आणि फेब्रुवारीचं ऊन, असं जमून आलं की कापडही पुरत नाही. पान पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं. ताण वाढला की पर्णरंध्रं मिटतात आणि पान हवेपेक्षाही जास्त तापतं. कमानी बुटक्या असतील तर कापडाला टेकलेली पानं आधी करपतात. म्हणून कमान रोपाच्या वाढीचा अंदाज घेऊन उंच ठेवावी. पारा ३५च्या पुढे जाऊ लागला की वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची कड वीतभर उचलावी आणि ऊन उतरल्यावर पुन्हा दाबावी. किडी आत येतील ही भीती खरी आहे, पण करपलेल्या रोपाला किडीपासून वाचवून काय साधणार?

दुपारी गुडघ्यावर बसून, रोपांभोवती मातीवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरचं छिद्रही जरूर पाहा. पेपरखालची गरम हवा त्या छिद्रातून थेट खोडाला भिडते. खोड पेपरला टेकलं असेल तर मातीलगत तपकिरी, आत दबलेला पट्टा दिसतो. काही दिवसांत रोप तिथेच मान टाकतं आणि आपण मर रोगाचं औषध सोडत बसतो. छिद्र ऐसपैस ठेवून खोडाभोवती मूठभर माती ओढली तर हे टळतं. ड्रिपचंही तसंच. उन्हात तापलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, तेच मुळांवर जातं. पाणी पहाटे द्यावं.

दुपारी पानं थोडी मलूल झाली म्हणून घाबरू नये, संध्याकाळी ती ताठ झाली की झालं. पेरं लांबली, शेंडा पिवळट पडला, तर मात्र आत उष्णता आणि दमटपणा जास्त आहे.

कलिंगडाला मादी फुलं दिसू लागली की मधमाश्यांसाठी आच्छादन काढावंच लागतं. ते ऊन उतरल्यावर काढावं. सावलीत वाढलेल्या पानाला एकदम दुपारचं ऊन दाखवलं तर ते पांढरं पडतं. आधी तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ कड उघडून सवय लावली तर उत्तम. गच्चीवर कापलेल्या बाटल्या रोपांवर पालथ्या घालणाऱ्यांनीही कोंडलेली हवा निघून जावी म्हणून बूच काढून ठेवावं.

कापडासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या बोगद्यात थर्मामीटर क्वचितच दिसतो. यंदा लागवडीआधी एक विकत घ्या, पानांच्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असा टांगा आणि रोज दुपारी दोनला वाचा.