स्वस्त करवतीचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घरातली माणसे दोनच कामे सांगतात. एक म्हणजे बँकेत जाऊन पासबुक भरून आणणे, आणि दुसरे, कोणी काही विकत घेणार असेल तर त्याचा हिशेब करून देणे. नफातोट्याचे पत्रक कसे मांडतात हे आपल्याला परीक्षेपुरतेच येते, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसते. माझ्यावर यंदा दुसऱ्या प्रकारचे काम आले. ते आणले माझ्या मामांनी.

मामा भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात सुतारकाम करतात. घरामागच्या पत्र्याच्या खोपटात त्यांचे काम चालते. आजोबांच्या काळी तिफणी, वखर, बैलगाड्या होत असत आणि सुगीला बलुते घरी येई. आता ट्रॅक्टर आला, बलुते गेले. मामा चौकटी, खिडक्या, देव्हारे, स्वयंपाकघरातली कपाटे करतात. वय बावन्न. उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतो. सहा फुटांची फळी हाताने उभी चिरली की दुसऱ्या दिवशी त्यांना सदऱ्याची बाही घालायला मामींची मदत लागते.

एके दिवशी ते म्हणाले, "तू कॉमर्स शिकलालास न्हवं? मग ती टेबलवाली करवत घ्यावं का न घ्यावं, हिशेब करून सांग बघू."

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे एक लहान टेबल, त्याच्या मधोमध फट, आणि फटीतून वर आलेले दहा इंच व्यासाचे गोल दातेरी पाते. खाली मोटर. हातकरवतीत लाकूड स्थिर असते आणि पाते फिरते. इथे पाते जागेवर गरगरते आणि लाकूड हाताने त्याच्यावर ढकलायचे असते. (आमच्याकडे मराठीत 'करवत', कन्नडमध्ये 'गरगस' आणि दखनीत 'आरी' म्हणतात. गोल फिरणाऱ्या पात्याला 'गरगस' हेच नाव शोभते असे मला उगीचच वाटते.) उचलून नेता येईल असे वीस-पंचवीस किलोंचे जे छोटे मॉडेल असते, त्याच्यावर मामांची नजर होती.

आमच्या भागात या यंत्राचा एक गरीब भाऊ आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. फरशी कापायचा चार इंची कटर घ्यायचा, त्याला लाकडाचे पाते लावायचे, प्लायवुडच्या फळीला फट पाडून तो खालून उलटा बांधायचा आणि त्याचे बटण दाबलेल्या स्थितीत कायमचे आवळून टाकायचे. झाले टेबल! खर्च तीन-साडेतीन हजार. चालू-बंद करायचे ते भिंतीवरच्या बटणाने. या टेबलावर ना झाकण, ना लाकूड सरळ ठेवणारी पट्टी. मामांच्या ओळखीच्या एका तरुण कारागिराची दोन बोटे अशाच टेबलावर गेली. तो आता मोबाईलच्या दुकानात बसतो. मामींनी ही हकीकत मला तीन वेळा सांगितली, आणि तिन्ही वेळा मामांकडे बघत सांगितली.

मी वही घेऊन बसलो. फळ्या चिरून आणायला मामा महिन्यातून साधारण चार वेळा तालुक्याच्या आरा मशीनवर जातात. एका खेपेला ऑटोचे भाडे आणि चिराई मिळून साडेतीनशे रुपये, आणि अर्धा दिवस मोडतो त्याचे चारशे. म्हणजे महिन्याला तीन हजार. मामा खूष झाले. पण दहा इंची पाते पूर्ण वर काढले तरी तीन इंचांहून थोडेच जास्त जाड लाकूड कापते. ओंडका चिरायला आरा मशीनच लागणार. चारपैकी दोन खेपा वाचतील, म्हणजे महिन्याला दीड हजार.

आता दुसरी बाजू. यंत्र १९,८०० रुपयांचे. त्यात अठरा टक्के जीएसटी तीन हजारांच्या घरात. मामांची नोंदणी नसल्यामुळे तो परत मिळण्याचा प्रश्न नाही. यंत्राबरोबर येणारे पाते बहुतेक चोवीस दात्यांचे असते. ते फळी उभी चिरायला बरे, पण प्लायवुड आडवे कापले की कडेचे पापुद्रे निघतात. म्हणून साठ दात्यांचे आणखी एक पाते. शिवाय जाड वायर, चांगले सॉकेट, अर्थिंग. १८०० वॅटची मोटर चालू असताना आठ अँपियरच्या आसपास वीज ओढते आणि सुरू होताना त्याहून बरीच जास्त. बारीक वायरीच्या लांब बोर्डावर ती लावली की दाब पडतो, मोटर तापते आणि कार्बन लवकर झिजतो. आमच्याकडे संध्याकाळी दिवे कसे मंदावतात ते वाचकांना सांगायला नको. सगळे धरून पंचवीस हजारांचा आकडा निघाला.

पैसे कुठून आणायचे? १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सुतार आहेत. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत पाच टक्क्यांचे कर्ज अठरा महिन्यांसाठी मिळते. मामांची अवजारांची मदत ड्रिल आणि रंधा मशीनमध्ये आधीच संपली होती. पंचवीस हजारांचे कर्ज घेतले तर महिन्याचा हप्ता १,४५० रुपये येतो. वाचणार दीड हजार. शिल्लक पन्नास. त्या पन्नास रुपयांत वीज, पात्याला धार आणि मोटरचे कार्बन बसवायचे!

इथे माझ्या प्राध्यापकांनी शिकवलेला हिशेब संपला असता आणि मी 'घेऊ नये' असे लिहून मोकळा झालो असतो. पण आमच्या अभ्यासक्रमात कामगार कायदेही आहेत. ग्रंथालयात मी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे पहिले परिशिष्ट काढून वाचले. त्यात माणसाचे हात टक्केवारीत लिहिलेले होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के घटली असे धरायचे. तर्जनी चौदा टक्के, मधले बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. एका हाताची दोन बोटे वीस टक्के. तर्जनीचे हाड शाबूत राहून नुसते टोक उडाले तर पाच. वाचताना मी माझी बोटे वहीखाली लपवली होती. आणि ही भरपाई मालकाने नोकराला द्यायची. मामा स्वतःच मालक, स्वतःच नोकर. त्यांच्या बोटाचा दर त्या परिशिष्टात नव्हताच.

दुखरा खांदा मात्र त्याच हिशेबातली दुसरी रक्कम आहे. यंत्र न घेणे फुकट नव्हते. खांदा असाच झिजला तर पाच वर्षांनी चिरायला उरणार काय? आणि मामांना खांदा फारच सलला तर ते तो चार इंची कटर उलटा बांधणार, हे मामींना माहीत होते, मलाही होते. म्हणून प्रश्न यंत्र घ्यावे की नाही हा उरला नाही. कोणते घ्यावे हा उरला.

एका रविवारी आम्ही दोघे बीदरहून रेल्वेने कलबुर्गीला गेलो. २०१७ साली हा मार्ग सुरू झाल्यापासून हुमनाबादवरून बसने हाडे खिळखिळी करून घेण्याची गरज उरलेली नाही. मामांच्या पिशवीत गुण्या, पोलादी पट्टी आणि मामींनी दिलेल्या चार भाकरी होत्या.

दुकानात दोन यंत्रे मांडली होती. एक साडेचौदा हजारांचे, दुसरे १९,८०० चे. दोन्ही दहा इंची, दोन्ही १८०० वॅटची. फरक ५,३०० रुपयांचा. एवढा पैसा कुठे गेला ते डोळ्यांना दिसत नव्हते. उलट स्वस्त यंत्राचा रंग अधिक झगझगीत होता. मामांनी दुकानदाराला प्लग काढायला लावला आणि ते कामाला लागले. पात्याच्या एका दात्यावर खडूची खूण केली. लाकूड ज्या पट्टीला टेकवून सरकवतात तिला कारागीर गाईड म्हणतात. तो दाता पुढे असताना गाईडपर्यंतचे अंतर मोजले, मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे नेला आणि पुन्हा मोजले. स्वस्त यंत्राचे गाईड आवळताच मागच्या बाजूला जवळपास अर्धे सूत आत सरकत होते. तीन वेळा आवळले, तीनदा वेगळे माप. दुसऱ्याचे तिन्ही वेळा एकच.

अर्धे सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. एवढ्याने काय बिघडते, असे मलाही वाटले. मामांनी दोन्ही तळहात उभे धरून दाखवले. मागे वाट अरुंद झाली की फळी पाते आणि गाईड यांच्यात चिमटली जाते. पात्याचे मागचे दाते वर चढत असतात. ते फळीला उचलतात आणि कापणाऱ्याच्या पोटाकडे फेकतात. फळी सटकली की तिच्यावर दाबलेला हात पात्यावर जातो. हे होऊ नये म्हणून पात्याच्या मागे, त्याच्याबरोबरच वर-खाली होणारी पातळ पोलादी पट्टी असते; ती चिरलेली फट मिटू देत नाही. १९,८०० च्या यंत्राला ती होती. साडेचौदा हजारांच्या यंत्राला नुसते प्लास्टिकचे झाकण होते, तेही हलणारे.

दुकानदार आमची कसरत बघून हसला. "एल्लारू तेगदे केलसा माडतार्री," म्हणाला. म्हणजे सगळे जण ते काढूनच काम करतात. मामांना कन्नड समजते, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मराठीत सांगितले, आणि तेवढ्या वेळात त्यांनी उत्तर ठरवले असावे. "सगळ्यांचे खांदे दुखत नसतील," एवढेच ते म्हणाले.

अमेरिकेत २००४ साली बाजारात आलेली एक करवत यापुढची आहे. स्टीफन गॅस या संशोधकाने ती बनवली. पात्यातून बारीक विद्युत संकेत जात असतो. कातडीचा स्पर्श होताच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात थांबवतो. बोटाला ओरखडा पडतो, पाते आणि ठोकळा मात्र निकामी होतात. ती करवत आमच्या आवाक्यात नाही. पण त्या श्रीमंत देशातही वर्षाला तीस हजारांच्या आसपास माणसे टेबल-करवतीच्या पात्याने जखमी होऊन दवाखान्यात जातात असा तिथल्या सरकारी संस्थेचा अंदाज होता, हे मी मामांना रेल्वेत सांगितले. ते बराच वेळ खिडकीबाहेरची तूर बघत राहिले.

यंत्र आले ते १९,८०० चेच. घेण्याआधी मामींनी अटी घातल्या आणि मामांनी त्या मान्य केल्या. पट्टी आणि झाकण काढायचे नाही. पाते बदलताना प्लग काढून तो मामींच्या नजरेस पडेल असा खिडकीत ठेवायचा. लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून यंत्रावर उभे राहायचे नाही. मोजा दात्यात अडकला तर हातालाही ओढून नेतो. पात्याजवळ बोटे न नेता फळी ढकलण्यासाठी मामांनी बाभळीचा खाच पाडलेला दांडका केला. नाकाला फडके, कारण लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून सांगितले आहे. मामेभाऊ चौदा वर्षांचा आहे; तो खोपटाच्या उंबऱ्याबाहेर. त्याला हे मुळीच पटलेले नाही.

खंडेनवमीला वाकस, पटाशी, गिरमिट, रंधा यांच्या रांगेत नवे यंत्र मांडले. पात्याला झेंडूची माळ घातली. आरती सुरू होण्याआधी मामींनी खिडकीत जाऊन प्लग पाहिला.

चार महिन्यांचा हिशेब माझ्या वहीत आहे. खेपा दोनच वाचल्या, माझ्या अंदाजाप्रमाणे. मात्र कडा सरळ येऊ लागल्याने भालकीतल्या दोन घरांच्या कपाटांचे काम मिळाले. मजुरी वजा जाता त्यातून सहा हजार उरले, म्हणजे चार हप्ते सुटले. पुढच्या महिन्यात असे काम येईल का, ते सांगता येत नाही. पाते एकदा धारेला पाठवून झाले. संध्याकाळी सातनंतर दाब कमी असतो तेव्हा मामा यंत्र लावत नाहीत; तेव्हा ते हाताने देव्हाऱ्याची कमान कोरतात. कोरण्याने खांदा दुखत नाही म्हणतात. 'खांदा' या सदराखाली काय लिहावे ते मला अजून सुचलेले नाही, म्हणून त्या रकान्यात मी एवढेच टिपले आहे : सदऱ्याची बाही, मदतीशिवाय, २३ दिवस.