हरवलेल्या कुपीचा वास

कस्तुरीच्या परीक्षेत खरी अडचण भेसळ पकडण्याची नसून तुलना कशाशी करावयाची, ही आहे. वाळलेले रक्त, कात किंवा माती मिसळलेली असेल तर तापलेल्या पत्र्यावरचा कण स्वतःच साक्ष देतो. अस्सल कण तडतडतो, वितळून फुगतो आणि शेवटी करडी-पांढरी राख ठेवतो, तर रक्त मिसळलेल्या कणातून केस जळल्याचा दर्प सुटतो. खऱ्या मालातही मात्र प्रत असते. भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथाने कामरूपाची काळी कस्तुरी श्रेष्ठ, नेपाळची निळसर मध्यम आणि काश्मीरची पिंगट कनिष्ठ ठरवली. हा भेद सांगणाऱ्या नाकापाशी आठवणीखेरीज दुसरा पुरावा नसतो.

किल्लारीत वैद्यकी करणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या घरी मात्र असा दुसरा पुरावा होता : आजोबांच्या काळची, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रीतसर नोंदवलेली, बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी आणि तीत काळपट तांबूस कण. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात, गणपती विसर्जन करून निजलेले गाव दगडमातीच्या भिंतींखाली गाडले गेले, तेव्हा ती कुपीही गेली. गेलेल्या माणसांपुढे तिचा उल्लेख करणेही अवघड वाटते, तरी पुढे प्रत्येक नमुना हुंगताना नाक तिच्याकडेच वळत राहिले. लातूर-नांदेडकडचे वैद्य कस्तुरी म्हणून विकली जाणारी पूड दाखवायला येत आणि एका श्वासात दिलेला निर्णय ते मानून जात, याचा लेखकाला मोठा अभिमान होता.

प्रयोगशाळेचे मानक, म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तो शुद्ध नमुना, बाटलीत असते आणि पुन्हा मागवता येते. कस्तुरीच्या वासाचे मुख्य द्रव्य मस्कोन हे 1906 मध्ये वालबाउम याने वेगळे केले, आणि त्याचे पंधरा कर्ब-अणूंचे वलय 1926 मध्ये रुझिच्का याने उलगडले. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुन्याच्या अर्काची वाफ बारीक नळीतून जाते, प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडून कागदावर शिखर उमटवतो, आणि मस्कोनच्या शिखराखालील क्षेत्रफळ मानकाशी ताडून त्याचे प्रमाण काढतात. चिनी औषधसंहितेला ते किमान 2 टक्के लागते. परंतु मस्कोन कारखान्यातही बनते, म्हणून प्राणिज कस्तुरीत आढळणारी कोलेस्टेरॉल, अँड्रोस्टेरॉन यांसारखी स्टेरॉइडे सोबत दिसतात की नाही, हे पाहिल्यावाचून एकट्या टक्केवारीवर विसंबणे हा आळसच होय. लताकस्तुरीचे बी घालून डबीवर नुसते ‘कस्तुरी’ छापणाऱ्यांविषयी तर लेखकाला आजही संताप येतो, कारण पर्याय वापरणे हा दोष नसून त्याचे नाव लपवणे हा आहे.

अलीकडे लेखकाचे नाक मंदावले आहे. हाताशी शिकणाऱ्या शिष्येने गतवर्षी एक पूड हुंगून, ‘गुरुजी, गोड आहे, पण मागे काही उरत नाही,’ असे सांगितले, तेव्हा लेखकाला वास मुळी आलाच नव्हता. तरीही तिच्यासमोर मान डोलावून, आठवणीतल्या कुपीचा वास आल्याच्या थाटात, त्याने पुडी मध्यम प्रतीची ठरवली. पुढे तिच्या प्रयोगशाळेतील अहवालात मस्कोनचे शिखर उंच निघाले, स्टेरॉइडांच्या जागी मात्र रेघ सपाट होती. शिष्येने तो कागद काही न बोलता नोंदवहीत लावला. शेजारच्या रकान्यात लेखकाच्या हस्ताक्षरातला ‘मध्यम’ हा शेरा अजून तसाच आहे.